दुसरी टीम लावण्याआधी दर बदला, मग माणसे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसी आणि फ्रिज दुरुस्तीची कितीतरी दुकाने महाराष्ट्रात एकाच जागी येऊन अडकतात. मालक स्वतः पट्टीचा कारागीर, हाताखाली एक हेल्पर, मार्च ते जून जेवायलाही सवड नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी पाहावे तर तीच एक दुचाकी आणि तीच हत्यारांची बॅग. मधे कधीतरी दोन माणसे ठेवलेली असतात. ती सहा महिन्यांत गेलेली असतात, तक्रारी वाढलेल्या असतात, आणि मालकाने मनाशी ठरवून टाकलेले असते की "आपले काम आपणच करावे, दुसऱ्याच्या हाताला चव नाही." पंचेचाळिशीनंतर तीस-पस्तीस किलोचे आउटडोअर युनिट तिसऱ्या मजल्यावर चढवताना गुडघे आणि कंबर बोलू लागतात, तेव्हा या ठरावाची खरी किंमत कळते.

सरकारी योजना आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) सेवा व्यवसायाची प्रकल्पमर्यादा २०२२ मध्ये १० लाखांवरून २० लाख रुपये झाली. मुद्रा योजनेत तरुण गटाचे कर्ज फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. पण पैशातून यंत्र येते, गाडी येते. एका माणसाच्या हातातले काम चार माणसांच्या हातांत कसे उतरवायचे, हे त्यात कुठेच शिकवले जात नाही. या व्यवसायात गाडे अडते ते नेमके तिथे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहिले आहे.

पहिली चूक दरात होते. एकटा मालक वेट सर्व्हिसचे (पाण्याने धुऊन केलेल्या सर्व्हिसचे) ६०० रुपये घेतो. पेट्रोल आणि केमिकल धरून शे-सव्वाशे जातात, बाकीचे खिशात राहतात, म्हणून दर बरोबर वाटतो. त्या दरात त्याची स्वतःची मजुरी, दुकानाचे भाडे आणि फोनवर गेलेला वेळ धरलेलाच नसतो. त्याच दरावर त्याने दुसरी टीम लावली की प्रत्येक कॉलला, म्हणजे ग्राहकाकडच्या प्रत्येक कामाला, तोटा सुरू होतो, आणि सीझनची गर्दी असल्यामुळे तो जुलैपर्यंत दिसत नाही.

उदाहरणादाखल दोन टीमच्या दुकानाचा हिशेब मांडू. आकडे शहरागणिक बदलतील, पद्धत तीच राहील. एका टीमचा टेक्निशियन २४,००० आणि हेल्पर १५,०००. बोनस, भरपगारी रजा आणि विमा यांचे महिन्याला ४,००० धरा. पेट्रोल आणि दुचाकीची झीज ४,०००. हत्यारे, होज, केमिकल, टेप यांचे २,०००. झाले ४९,०००. दुकानाचा सामाईक खर्च असा: फोन सांभाळणारी व्यक्ती १६,०००, भाडे १२,०००, वीज-फोन-छपाई ३,०००, हिशेबनीस ३,०००. हे ३४,००० होतात, टीममागे १७,०००. मालकाचा स्वतःचा पगार ४०,००० धरला तर टीमवर त्याचे २०,००० पडतात. एकूण ८६,००० रुपये महिना. आता कामे पाहा. सुट्ट्या वजा जाता २४ दिवस, दिवसाला सरासरी तीन कॉल, म्हणजे ७२. त्यातले सात परत जावे लागणारे, बिनपैशाचे. उरले ६५. भागाकार केला की कॉलमागे साधारण १,३२५ रुपये मजुरी सुटली पाहिजे, तीही नफा न धरता. सुट्या भागांवरचा नफा यात मिसळू नये. तो वॉरंटीत फुकट बदलून द्याव्या लागणाऱ्या भागांसाठी बाजूला ठेवावा.

याचा अर्थ वेट सर्व्हिसचे थेट १,३०० घ्यावेत असा नाही. सर्व्हिस, गॅस भरणे, नवीन बसवणे, पीसीबी (एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), कॉम्प्रेसर अशी सगळी कामे मिळून सरासरी तिथे यायला हवी. फक्त सर्व्हिसच्या कॉलवर टीम फिरवणाऱ्याचा मेळ कधीच बसत नाही. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी. मालकाला जी सर्व्हिस चाळीस मिनिटांत होते, तिला नव्या मुलाला सव्वा तास लागतो, आणि लागूही द्यावा. स्वतःच्या वेगावर दुसऱ्याचे वेळापत्रक आखले की पाचवा कॉल रात्री नऊला जातो आणि तिथेच पाणी गळायची तक्रार जन्माला येते.

दुसऱ्या टीमबरोबर जीएसटीही दारात येतो. वरच्या हिशेबात दोन टीमची नुसती मजुरी वर्षाला २० लाखांच्या पुढे जाते, आणि सेवा व्यवसायाची नोंदणीमर्यादा २० लाखच आहे. त्यानंतर बिलावर १८ टक्के लागतात. घरगुती ग्राहकाला त्याची वजावट मिळत नाही, म्हणजे त्याच्या दृष्टीने दर तेवढा चढला. ५० लाखांपर्यंतच्या उलाढालीला ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घेता येते, पण तो कर बिलात लावता येत नाही, खिशातून भरावा लागतो, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही (क्रेडिट) मिळत नाही. घरगुती ग्राहक जास्त असतील तर कंपोझिशन बरी. कंपन्या, बँका, रुग्णालये जास्त असतील तर नियमित नोंदणी, कारण त्यांना क्रेडिट हवे असते. हा निर्णय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शांतपणे घ्यावा आणि नवे दरपत्रक जानेवारीत लावावे. एप्रिलच्या गर्दीत दर बदलले की ग्राहक दुखावतो आणि टीमही गोंधळते.

आता माणसांचा क्रम. बहुतेक जण दुसरा टेक्निशियन आधी घेतात. आमच्या मते आधी फोन आणि वेळापत्रक सांभाळणारी व्यक्ती घ्यावी. शिडीवर उभे राहून मालक फोन घेतो तेव्हा तो ना धड काम करतो, ना धड ग्राहकाचे ऐकतो. निम्मे कॉल सुटतात, पत्ता अर्धवट लिहिला जातो, आणि कोणता भाग सोबत न्यायचा हे कळत नसल्याने दुसरी फेरी पडते. फोनवरच्या व्यक्तीला दुरुस्ती येण्याची गरज नाही. तिला ठरलेले प्रश्न विचारता आले पाहिजेत: स्प्लिट की विंडो, किती टनाचा, इन्व्हर्टर आहे का, घेतल्याला किती वर्षे झाली, पंखा फिरतो का, आउटडोअर चालू होते का, डिस्प्लेवर कोणता कोड दिसतो, आउटडोअर युनिट कुठे लावले आहे आणि तिथवर कसे पोचायचे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बाल्कनीतले युनिट आणि सातव्या मजल्याच्या डक्टमध्ये लटकवलेले युनिट ही दोन निराळी कामे आहेत, त्यांचे दरही निराळे आणि माणसेही निराळी. कॉल भागाप्रमाणे लावावेत. पुण्यात सकाळी हडपसर, दुपारी बावधन आणि संध्याकाळी परत हडपसर असे लावले तर तीनच कॉल होतात आणि दोष टेक्निशियनच्या माथी जातो. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरची कामे सकाळी सहा ते अकरात उरकावीत. पंचेचाळीस अंशांत दुपारी गच्चीवर माणूसही टिकत नाही आणि दाबाचे वाचनही फसवे येते.

यानंतर खरे अवघड काम येते. अनुभवी मालक सक्शन पाइपला (कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या थंड पाइपला) हात लावून गॅसचा अंदाज घेतो, आवाजावरून कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला लागणारा भाग) बिघडल्याचे ओळखतो. हे ज्ञान बोटांत असते, ते दुसऱ्याला देता येत नाही. आकडे मात्र देता येतात. म्हणून प्रत्येक कामाला जॉबकार्ड हवे आणि त्यावर मोजलेले आकडे हवेत. सुरुवातीला कार्बन कॉपीचे साधे छापील पुस्तक पुरते, ॲप नंतर घेता येईल. कार्डावर मॉडेल आणि सीरियल नंबर, गॅसचा प्रकार, ग्राहकाने त्याच्या शब्दांत सांगितलेली तक्रार, चालू स्थितीतला व्होल्टेज आणि अँपिअर, सक्शन दाब, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान, कपॅसिटरवर लिहिलेले आणि मीटरवर आलेले मायक्रोफॅरड (त्याच्या क्षमतेचे माप), ड्रेनमधून (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीतून) एक लिटर पाणी ओतून पाहिले का, बदललेले भाग, जुना भाग ग्राहकाला दाखवला का, आणि सही. ठीक चालणाऱ्या मशीनमध्ये दोन तापमानांत साधारण १० ते १२ अंशांचा फरक येतो, मुंबईच्या दमट हवेत थोडा कमी. फरक पाचवर असेल आणि कार्डावर "ओके" लिहिले असेल, तर ते काम झालेले नाही हे मालकाला दुकानात बसून कळते. कार्डाचा सगळा उपयोग यातच आहे.

गॅसचा प्रकार कार्डावर आधी लिहायला लावण्यामागे कारण आहे. जुन्या घरांत अजून आर-२२ ची मशीन चालू आहेत. नवीन उपकरणांच्या उत्पादनात हा वायू वापरणे देशात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले. आता बहुतेक नवीन मशीन आर-३२ ची येतात, मधल्या काळातली आर-४१०ए ची आहेत, आणि काही आर-२९० म्हणजे प्रोपेनचीही. आर-२२ चा सक्शन दाब ६० ते ७० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास असतो, आर-३२ आणि आर-४१०ए चा ११० ते १४०. ज्याच्या मनात फक्त जुना आकडा बसलेला आहे तो नव्या मशीनमध्ये चांगला दाब पाहून "गॅस जास्त झाला" म्हणून तो बाहेर सोडून देतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, प्रोपेन तर पूर्ण ज्वलनशील. पाइपात वायू असताना ब्रेझिंगची (पाइप जोडायची) ज्योत लावणे हा जिवाशी खेळ आहे.

परत येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात महाग पडते ती हीच, गॅस भरून महिन्याभरात कूलिंग जाण्याची. मशीनमधला गॅस "संपत" नाही, तो गळतो. गळती न शोधता वरून गॅस मारणे ही वाईट सवय घाईतून लागते, आणि मालकाने टीमला वेळच दिला नाही तर ती लागणारच. क्रम ठरलेला असावा आणि दुकानाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. आधी साबणाच्या पाण्याने फ्लेअर (पाइपाचे रुंदावून नटाने आवळलेले टोक) आणि व्हॉल्व्ह तपासा. उरलेला वायू रिकव्हरी मशीनने (वायू सिलिंडरमध्ये ओढून घेणाऱ्या यंत्राने) काढा. गळती दुरुस्त करा. फ्लेअर पुन्हा करताना कापलेल्या पाइपाची आतली कड रीमरने साफ करा, नाहीतर तिथेच बारीक चीर पडते. मग उत्पादकाने दिलेल्या दाबापर्यंत कोरडा नायट्रोजन भरून निदान अर्धा तास काट्याकडे लक्ष ठेवा. दाब पाहण्यासाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरचे तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, आणि तसे स्फोट झालेले आहेत. नंतर व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचे एकक) खाली उतरा, पंप बंद करून दहा मिनिटे आकडा चढतो का पाहा. मॅनिफोल्डच्या (नेहमीच्या दाब मोजायच्या संचाच्या) गेजचा काटा उणे ३० इंचांवर टेकला म्हणजे व्हॅक्यूम झाले असे होत नाही, कारण पाइपातला ओलावा त्या गेजवर दिसत नाही. त्यासाठी मायक्रॉन गेजच लागते. शेवटी नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरा. या कामाला अडीच ते तीन तास लागतात. वेळापत्रकात एका तासाची जागा ठेवून हे काम मागणाऱ्या मालकाने रिपीट कॉल, म्हणजे त्याच तक्रारीसाठीची दुसरी फेरी, स्वतःच ओढवून घेतलेला असतो.

बाकीच्या परत येणाऱ्या तक्रारी ओळखीच्या आहेत: जेटने धुताना पीसीबीवर प्लास्टिक न टाकल्याने बोर्ड जाणे, टर्मिनलचा स्क्रू सैल राहून वायर जळणे, ड्रेनला उतार नसणे, ४५ च्या जागी हाताशी असलेला ३६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवणे. शेवटची चूक साठ्यातून येते. प्रत्येक टीमच्या पेटीची यादी ठरवून द्यावी: नेहमी लागणारे कपॅसिटर, दोन सूत, तीन सूत आणि चार सूतचे फ्लेअर नट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, ड्रेन पाइप, इन्सुलेशन, टेप. दर शनिवारी पेटी यादीप्रमाणे भरून द्यावी आणि वापर कार्डांशी ताडून पाहावा. तांब्याच्या पाइपाचे तर फुटात मोजमाप हवे. उरलेले तुकडे आणि जुना कॉम्प्रेसर कोणाचा, भंगाराचे पैसे कोणाचे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले नाही तर पुढे विश्वास तिथेच तुटतो. जुना भाग मुळात ग्राहकाचा असतो. तो हवा का हे त्याला विचारावे.

पगाराबद्दल ठाम मत सांगतो. बदललेल्या भागांवर कमिशन दिले की चांगले भाग बदलले जातात. कॉलच्या संख्येवर दिले की घाई होते. निश्चित पगार द्यावा, आणि त्यावर महिन्याअखेर, ज्या कामांची तीस दिवसांत तक्रार आली नाही त्यांच्यामागे ठरलेली रक्कम. रिपीट कॉलला शक्यतो त्याच टेक्निशियनला पाठवावे, पण त्याचा पगार कापू नये. कापला की तो तक्रार लपवू लागतो आणि ग्राहकाला परस्पर "मी येऊन बघतो" म्हणतो. तिथूनच खाजगी कामे सुरू होतात. खाजगी काम थांबवायला मुलांची प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे किंवा उचल देऊन बांधून ठेवणे हे गैर आहे आणि निरुपयोगीही. ग्राहक ज्याचा नंबर जवळ आहे त्याला फोन करतो. म्हणून युनिटवर दुकानाच्या नंबरचा आणि पुढच्या सर्व्हिसच्या तारखेचा स्टिकर लावावा, दुसऱ्या दिवशी दुकानातून "काम ठीक झाले का" असा फोन जावा, आणि क्यूआर कोड व्यवसायाच्या चालू खात्याचा असावा. मालकाच्या घरच्या खात्यावर पैसे येत राहिले की टीममागे किती सुटले हे कुणालाच सांगता येत नाही.

शिकाऊ मुले घ्यायची असतील तर रीतसर घ्यावीत. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. चार किंवा अधिक माणसे असलेल्या व्यवसायाला शिकाऊ उमेदवार घेता येतात, आणि राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, सरकार भरते. छोट्या दुकानांना हे माहीतच नसते. उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला फुल बॉडी हार्नेस आणि कामगार नुकसानभरपाईचा विमा हवाच. हार्नेस पेटीत असणे पुरेसे नाही, तो कुठे अडकवायचा हे चढण्याआधी ठरले पाहिजे. खिडकीच्या ग्रिलला किंवा युनिटच्या ब्रॅकेटला तो अडकवू नये. अडकवायला भक्कम जागा नसेल तर कॉल नाकारावा, आणि असा कॉल नाकारण्याचा अधिकार टेक्निशियनला हवा. या एका बाबतीत ग्राहक नाराज झाला तरी चालेल.

पगार बारा महिने द्यायचा आणि धंदा चार महिन्यांचा, ही गाठ वार्षिक देखभाल कराराने सुटते. करार जानेवारी-फेब्रुवारीत विकावेत आणि पहिली सर्व्हिस मार्चच्या मध्याआधी उरकावी. तक्रार पावसाळ्यातही येतेच, कारण तेव्हा व्होल्टेजच्या चढउताराने बोर्ड जातात. रत्नागिरी, अलिबाग, गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेने आउटडोअर कॉइल काही वर्षांतच खाल्ली जाते. तिथे भागांसहित करार देताना कॉइल वगळावी किंवा दर वेगळा लावावा. नाशिक-पुण्याच्या दरात किनाऱ्यावरचा संपूर्ण करार देणारा दुकानदार दोन-तीन वर्षांत अडचणीत येतो.

मोठ्या ग्राहकांकडे पैसे अडकतात, आणि टीमचा पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे. ती करून नंबर बिलावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी ४५ दिवसांच्या आत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीमुळे ठरल्या मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत त्या कंपनीला खर्च म्हणून दाखवताही येत नाही. कंपनीच्या हिशेब विभागाला ही आठवण नम्र भाषेत लेखी दिली की बिले हलतात. कोणत्याही एका ग्राहकाकडे एका महिन्याच्या पगाराइतकी बाकी झाली की नवीन काम घेण्याआधी जुनी वसुली करावी.

मालकाकडे मग काय उरते? सकाळी टीम निघण्याआधी पंधरा मिनिटे आदल्या दिवसाची कार्डे. दहातल्या एका कामावर न सांगता भेट. मोठी कोटेशन आणि चिडलेल्या ग्राहकांचे फोन. शनिवारी चार आकडे: झालेले कॉल, परत गेलेले कॉल, सरासरी बिल, येणे बाकी. हत्यारे पूर्ण सोडू नयेत. इन्व्हर्टर बोर्डचे निदान मालकाला यायलाच हवे, नाहीतर टीम सांगेल तो बोर्ड बदलला जाईल. चौथ्या टीमपर्यंत हे एकट्याला झेपते. त्यानंतर सुपरवायझर लागतो, आणि तिथे दुकानातला सर्वांत चांगला टेक्निशियन नुसते पद देऊन उभा करतात ती फसगत आहे. दिवसभर स्वतःचे कॉल आणि वर दुसऱ्यांची तपासणी, यात दोन्ही बिघडते. त्याचे कॉल निम्म्यावर आणावेत, पगार वाढवावा आणि सुटणारे कॉल कोण करणार ते आधी ठरवावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत कौशल्य विभागाला आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राला विनंती आहे. आयटीआयमध्ये रोजगारक्षम कौशल्यांचा विषय शिकवला जातो, त्यात उद्योजकतेचा भागही आहे. त्यातले काही तास कॉलमागचा खर्च काढणे, जॉबकार्ड भरणे आणि दरपत्रक बनवणे यांना द्यावेत, आणि ते त्या-त्या ट्रेडच्या खऱ्या कामांवर बेतलेले असावेत. जुन्या दुकानदारांसाठी हाच वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी सातनंतर, जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्येच घ्यावा. दिवसा किंवा सीझनमध्ये ठेवला तर ज्यांना गरज आहे ते येऊ शकणार नाहीत.

आपले,
एसी-फ्रिज दुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, पुणे